हौदाचं पांघरूण

तबूकला थंडी पडते हे गावाकडे कुणाला पटत नाही. सौदी म्हटलं की वाळू, उंट आणि ऊन. पण आमचं शहर देशाच्या वायव्य टोकाला, उंचावर आहे. डिसेंबर-जानेवारीत पहाटे गाडीच्या काचेवर पांढरा थर धरतो, तो खरवडल्याशिवाय हॉस्पिटलला निघता येत नाही. एखाद्या वर्षी दूरच्या डोंगरावर बर्फ पडतं आणि लोक पोराबाळांना घेऊन ते बघायला धावतात. त्यामुळे ज्या थोड्या घरांच्या मागे पोहण्याचा तलाव आहे, त्यांना नोव्हेंबरात एक काम असतं. तलाव हिवाळ्यासाठी नीट करून झाकायचा.

आमच्या भाड्याच्या घरामागे असा एक तलाव आहे. मोठ्या खोलीएवढा, निळ्या फरशांचा, एका टोकाला कमरेइतका आणि दुसऱ्या टोकाला डोक्यावरून पाणी. माझी बायको त्याला हौद म्हणायची. इथल्या रीतीप्रमाणे घराभोवती उंच भिंत आहे, आत काय चाललंय ते बाहेर दिसत नाही. त्या भिंतीसाठी आणि हौदासाठीच तिनं हे घर पसंत केलं होतं. ती इंडियन स्कूलमध्ये गणित शिकवायची आणि घरी आल्यावर पोहायची. मी रेडिऑलॉजिस्ट आहे. दिवसभर अंधाऱ्या खोलीत लोकांच्या छातीचे आणि हाडांचे फोटो वाचायचे आणि घरी येऊन पुस्तकं वाचायची, असा माझा दिनक्रम. ती पाण्यात, मी काठावर खुर्चीत. बरीच वर्षं आमच्या संध्याकाळी अशाच गेल्या. आम्ही दोघंच होतो, आणि दोघांना तेवढं पुरत होतं.

मला पोहता येत नाही.

गेल्या वर्षी उन्हाळा सुरू व्हायच्या आधी ती गेली. आजार लांबला नाही. तिला आम्ही गावी नेलं, कृष्णाकाठी सगळं उरकलं आणि मी परत आलो. नोकरी इथे होती, आणि दुसरं काय करायचं ते मला सुचत नव्हतं. आल्यावर मी हौदाचा पंप रोज चालू करत होतो, क्लोरीनच्या गोळ्या टाकत होतो, पडलेली पानं जाळीनं काढत होतो. पाण्यात कुणी उतरत नव्हतं. घरातल्या बाकी सगळ्या वस्तू हात न लावता राहिल्या असत्या, पाण्याचं तसं नव्हतं. त्याला रोज कुणीतरी लागत होतं. म्हणून मी ते करत होतो, आणि खरं सांगायचं तर त्याचा आधारही होता.

ऑक्टोबरात घरमालक आला. तबूकचाच, सत्तरीचा, शेतीवाडी असलेला माणूस. बायको गेली तेव्हा खजुराची पेटी घेऊन येऊन माझ्याजवळ बराच वेळ बसला होता. या वेळी तो हौदापाशी उभा राहिला आणि म्हणाला, “दक्तूर, तू तर पोहत नाहीस. मग हे पाणी कुणासाठी? देतो बुजवून. वर छान मजलिस बांधतो. तू बसशील, मी येईन, चहा पिऊ.”

मी म्हणालो, “इन्शाल्लाह.”

इथे त्या शब्दात हो असतं, नाही असतं आणि बघू असतं. त्याला ते माझ्यापेक्षा जास्त कळतं. तो म्हणाला, थंडी पडायच्या आत एका शुक्रवारी कंत्राटदाराला घेऊन येतो, तेव्हा काय ते सांग.

मी मनातून होच म्हणालो होतो. हिवाळ्याची तयारी कधी मी केली नव्हती. ती सगळी तिची. आणि न झाकलेला हौद थंडीत आणि वादळाच्या धुळीत खराब होतो. आपल्या हातून तो खराब होण्यापेक्षा बुजवलेला बरा, असं काहीसं मी स्वतःला सांगत होतो. पण तो गेल्यावर मी काठावरच्या खुर्चीत बसून पुस्तक उघडलं आणि वाचता येईना. समोर ती पाहुण्यांच्या बैठकीची मजलिस, तिच्यात गालिचा, गालिच्यावर उशा, आणि त्या सगळ्याच्या खाली ती जागा, असं दिसायला लागलं.

त्याच सुमारास माझ्या सासूबाई आल्या.

त्यांना इथे आणायचं तिच्या मनात फार होतं. व्हिजाचे कागद तिनंच चालू केले होते. ते राहिले. मी गावाहून निघताना केवळ बोलायचं म्हणून म्हणालो होतो, “आई, या एकदा तिकडे.” त्या म्हणाल्या, “येते की.” मला वाटलं, तेही बोलायचं म्हणून. त्यांच्या पिढीत लेकीच्या घरी पाणी प्यायचं तरी अवघड, आणि इथे तर लेकही नाही, नुसता जावई. गावात चर्चा झालीच असणार. पण त्यांनी राहिलेले कागद माझ्याकडून पुरे करून घेतले आणि खरंच आल्या. चौऱ्याहत्तर वर्षांच्या, जेद्दाला विमान बदलून, कुणाचीही भाषा न येता.

घरी आल्यावर त्यांनी पिशवीतून काळा मसाला, शेंगांची चटणी, कडक भाकरी आणि शेवटी फडक्यात बांधलेला मुठीएवढा पांढरा खडा काढला.

“आई, हे कस्टममधून आणलंत?”

“तुरटी हाय.”

“तुरटी आहे ते मला दिसतंय. त्यांनी विचारलं नाही?”

“विचारलं की. पोलीसबाई होती. तिनं वास घेतला, नखानं खरवडलं, मग जिभेला लावलं, आणि हसायलाच लागली. शब्बा शब्बा म्हणाली आणि काखेला लावून दाखवलं.” त्यांनीही तसं करून दाखवलं. “म्हटलं, ती तुझी तऱ्हा. आमच्यात पाण्याला लावतात.”

“कुठल्या पाण्याला?”

“लेक म्हणायची ना, दारात विहीर आहे म्हणून.”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी विहीर पाहिली. आदल्या आठवड्यात धुळीचं वादळ येऊन गेलं होतं आणि पाणी ताकासारखं गढूळ होतं. पदर खोचून त्या चारी कडेनं फिरल्या. मी चहा घेऊन आलो तेव्हा मालक काय म्हणाला ते त्यांना सांगितलं. त्या थांबल्या.

“बुजवणार?”

“हं.”

“मग तुम्ही काय म्हणालात?”

“इन्शाल्लाह म्हणालो.”

“म्हणजे काय?”

“म्हणजे, देवाच्या मनात असेल तर.”

“देवाचं राहू द्या. तुमच्या मनात काय आहे?”

त्यांनी चहा बशीत ओतून प्यायला, कप माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, “बरं. आधी पाणी तर निवळून घेऊ. मग बघा काय बघायचं ते.”

मी हॉस्पिटलमधून परत आलो तेव्हा त्या हौदाच्या पायरीवर बसलेल्या होत्या. एका हातानं कठडा धरलेला, आणि दुसऱ्या हातातला तुरटीचा खडा पाण्यात गोल गोल फिरवत होत्या, हंड्यात फिरवतात तसा.

“आई, हंड्याला ठीक आहे. हे हजारो लिटर पाणी आहे.”

“मग मोठी आणा.”

मला हसू आलं, आणि हसल्यावर लक्षात आलं की त्यांचं चूक नाही. तुरटीनं गाळ खाली बसतो हे मीही शाळेत शिकलो होतो. बाजारात मसाले आणि जडीबुटी विकणाऱ्या अत्ताराकडे मी चार किलो शब्बा, म्हणजे तुरटीची पूड, मागितली. त्यानं तराजू खाली ठेवून माझ्याकडे निरखून पाहिलं. “दक्तूर,” तो म्हणाला, “घरात माणसं तरी किती आहेत?”

ती सगळी पूड मी बादलीत कालवून हौदात ओतली. मोठ्या उत्साहानं. सासूबाई काठावर उभ्या राहून “तिकडं थोडी, आता इकडं” असं सांगत होत्या. पंप चालू होता. तो चालू असावा की बंद, हा विचार आमच्या दोघांच्याही डोक्यात आला नाही. हंड्याला पंप नसतो.

दुसऱ्या दिवशी पंप गुरगुरत होता आणि हौदाच्या भिंतीतल्या ज्या भोकांतून गाळलेलं पाणी परत येतं तिथून थेंब येत नव्हता. गाळणीच्या टाकीवरचा काटा लाल रंगात जाऊन बसला होता. तुरटीनं गोळा केलेला सगळा गाळ पंपानं ओढून गाळणीतल्या वाळूत नेऊन थापला होता.

सासूबाई म्हणाल्या, “ती खाली बसवतीय आणि तुमचं यंत्र वर ओढतंय. दोघांचं भांडण लावलं आपण.”

हौदाबद्दल मला जे माहीत होतं ते सगळं ऐकीव होतं. बायको कुठलंही काम मोठ्यानं बोलत करायची, फळ्यावर गणित सोडवल्यासारखं. मी पुस्तकात असायचो आणि तिचं बोलणं वरून जायचं. आधी घासून घ्यायचं. मग गाळ. मग औषध. मग भिंतीतल्या भोकांच्या खाली पाणी आणायचं, पण रिकामा करायचा नाही, रिकाम्या हौदाच्या फरशा सुटतात. मग पाइपातलं पाणी काढून टाकायचं. मग पंपाला गोधडी. मग डबे. मग ताडपत्री. “ऐकतोयस ना?” ती विचारायची. मी “हं” म्हणायचो. आता आठवायला बसलो तर गंमत अशी, की मी खरंच ऐकत होतो. वाचलेली पुस्तकं विसरलो होतो आणि ही वाक्यं जशीच्या तशी होती, तिच्या आवाजासकट. गाळाच्या वेळी पंप बंद ठेवायचा, हेही त्यात कुठेतरी असणार. फक्त ते वेळेवर वर आलं नाही.

गाळणी उघडायची तर पंपाच्या खोलीत जायला हवं होतं. खोली म्हणजे भिंतीला लागून पत्र्याच्या दाराचं एक कपाट. मी आजवर त्या दारातून हात घालून फक्त बटण दाबत आलो होतो. आत गेलो. तिची गवती टोपी खिळ्याला होती. ब्रश, घडी घातलेली ताडपत्री, तिच्यावर गोधडी. क्लोरीनचा वास, तो तिच्या केसांना यायचा. मग गाळणीचं झाकण उघडलं आणि स्वयंपाकघरातल्या मगानं वाळू काढायला लागलो. वरची वाळू वाळू नव्हतीच, पांढरट लगदा झाला होता.

सासूबाईंनी कपडे धुवायचा टब आणला. मी वाळू काढून टाकायची, त्यांनी ती पाण्यात घोळायची, वरचं पाणी ओतून द्यायचं, पुन्हा घोळायची. तांदूळ धुतात अगदी तसं. दोन संध्याकाळी आम्ही वाळू धुतली. मधेच त्या म्हणाल्या, “गावात सांगितलं तर कुणाला खरं वाटायचं नाही. सौदीला जाऊन काय केलं? तर वाळू धुतली.” आणि आम्ही दोघंही हसलो. त्या घरात कितीतरी दिवसांनी दोन माणसं एकदम हसली.

टाकीमागची वाळू सांडली होती ती भरायला मी वाकलो, तेव्हा मागे रचून ठेवलेले तेलाचे पिवळे डबे दिसले. रिकामे, पाच-पाच लिटरचे, झाकणं घट्ट लावलेले. “डबे” म्हणजे हे. मी एकेक बाहेर काढून दिला.

“हे ताडपत्रीखाली तरंगत ठेवायचे,” मी सांगितलं. “म्हणजे मधे खोलगा होऊन पावसाचं पाणी साचत नाही.” मला आठवलं म्हणून मला जरा बरंही वाटत होतं.

शेवटचे दोन डबे एकमेकांना बांधलेले होते. कानांतून सुती दोरी ओवलेली आणि दोरीचा एक मोठा फासा मोकळा सोडलेला. सासूबाईंनी ते हातात घेतले आणि टबाशेजारी खालीच बसल्या.

“हे ताडपत्रीचे नव्हेत,” त्या म्हणाल्या.

“मग?”

“पाठीला बांधायचे. पोहायला शिकताना. आमच्या येळी वाळलेले भोपळे बांधायचे. पुढं डबे आले. मीच हिला विहिरीत सोडलेली, सहा वर्षांची होती. आठ दिवसांत डबे सोडून दिले तिनं, आणि मग काही केल्या बाहेर येईना. तिच्या बापानं वरून ओरडायचं आणि हिनं बुडी मारायची.” त्यांनी दोरी उलटी करून पाहिली. “गाठ माझीच आहे. मी शिकवलेली.”

मी म्हणालो, “कुणाच्या मुलांना शिकवायचं असेल.”

त्यांनी दोरीचा फासा दोन्ही हातांनी ताणून धरला. “ही लेकराच्या छातीची हाय व्हय? आणि हिच्या मापाची पण नाही. ही तर काडी होती.” मग त्या उठल्या, म्हणाल्या, “हात वर करा,” आणि मी केले. त्यांनी तो फासा माझ्या हातांवरून खाली, स्वेटरवर काखेपर्यंत उतरवला. छातीभोवती तो बरोबर बसला.

“श्वास घ्या,” त्या म्हणाल्या.

तेव्हा मला आठवलं. मागच्या हिवाळ्यात एका संध्याकाळी मी वाचत बसलो होतो आणि बायकोनं मागून येऊन माझ्या छातीभोवती दोरी घातली होती. “श्वास घे बघू.” मी घेतला. “सोड.” सोडला. मला वाटलं, स्वेटरचं माप घेते आहे. मी हात वर करून दिले आणि पान उलटलं. “कशाला?” असं मी विचारलं असेन, कारण ती म्हणाली होती, “रिटायर झालास की कळेल. तुला पाण्यात घालणार आहे मी.” मी म्हणालो, “रिटायर झाल्यावर बघू.” आम्हाला घाई नव्हती. स्वेटर मात्र आला नाही, आणि त्याचं मला आश्चर्यही वाटलं नव्हतं.

हे मी सासूबाईंना सांगितलं. त्या ऐकत होत्या, दोरीचं टोक अजून त्यांच्या हातात होतं. डोळे पुसून झाल्यावर म्हणाल्या, “मग? घालायचं का पाण्यात?”

“आई, पाणी गार आहे.”

“शुक्रवारी दुपारी ऊन असतं.”

धुतलेली वाळू गाळणीत परत भरली. या वेळी हौदात खाली बसलेला उरलेला गाळ आधी नळीनं ओढून बाहेर टाकला, मग पंप चालू केला. दोन-तीन दिवसांत पाणी असं निवळलं की खोल टोकाच्या फरशांमधल्या रेघा दिसायला लागल्या. सासूबाई सकाळी उठून आधी तिथे जाऊन बघून यायच्या. आणि मालकाचा फोन आला, की येत्या शुक्रवारी नमाज झाल्यावर कंत्राटदाराला घेऊन येतो, जागा मोजून घेऊ.

मी अजूनही काही ठरवलं नव्हतं. सासूबाईंना फोनचं सांगितलं. त्या भाकरी थापत होत्या. “येऊ दे की,” म्हणाल्या. “आपण आपलं काम करू.”

त्या शुक्रवारी वारा नव्हता. अठ्ठावन्नाव्या वर्षी, जुनी हाफपँट आणि बनियन घालून, पाठीला तेलाचे दोन डबे बांधून मी हौदाच्या पायऱ्या उतरलो. पाणी इतकं गार होतं की पहिल्या पायरीवर तोंडातून इंग्रजी शब्द निघाला. सासूबाई पानं काढायच्या जाळीची लांब काठी घेऊन काठावर उभ्या होत्या.

“काठीला धरा. आता पाय उचला.”

“उचलले.”

“एकच उचललाय. मला वरनं दिसतंय डॉक्टर.”

दुसरा उचलला. आणि मी बुडालो नाही. कुणीतरी मागून बनियनला धरून ठेवावं तसं डब्यांनी मला धरून ठेवलं. ते काय वाटलं ते मला नीट लिहिता यायचं नाही. मी पाण्याकडे इतकी वर्षं बघत होतो, ते खालून असं उचलून धरतं हे मला माहीत नव्हतं.

“पाय मारा. अहो, लाथा नका घालू, पाय मारा. मान खाली. पुस्तकात घालता तशी घाला.”

मी हसलो आणि पाणी प्यायलो. ठसका लागला. त्या काठी घेऊन काठाकाठानं चालत होत्या आणि मी तिच्या टोकाला लोंबकळत आडवा पलीकडे गेलो. मग परत. तिसऱ्या खेपेला त्यांनी काठी काढून घेतली, सांगितलं नाही, आणि मी पलीकडच्या भिंतीला हात लावल्यावर मागे वळून पाहिलं तर त्या काठी खांद्यावर टाकून उभ्या, पदर तोंडाला लावून हसत होत्या. “गेलात की,” म्हणाल्या.

तेवढ्यात बेल वाजली.

सासूबाई एका क्षणात स्वयंपाकघरात. मी टॉवेल गुंडाळून तसाच फाटकाकडे धावलो. मालक आणि हातात टेप घेतलेला कंत्राटदार. मालकानं सलाम केला, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, मग माझ्याभोवती अर्धी चक्कर मारून मागून पाहिलं.

“हे काय आहे, दक्तूर?”

“डबे.”

“तेलाचे?”

“तेलाचे. पोहायला शिकतोय.”

“कोण शिकवतंय?”

“माझ्या बायकोची आई. गावाहून आली आहे.”

त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. त्यानं नजर खाली केली आणि घरात बाईमाणूस आहे म्हणून तो मागे सरून फाटकाबाहेर गेला. कंत्राटदारालाही बाहीला धरून त्यानं मागे ओढलं. “तिची आई,” तो म्हणाला. “तिला माझा सलाम सांग. देव तिला धीर देवो.” आणि मग, रस्त्यावर उभा राहून, “तर पाणी लागणार तुला?”

मी दारात कुडकुडत होतो. बनियनमधून पाणी गळत होतं. या वेळी मी इन्शाल्लाह म्हणालो नाही.

“हो,” मी म्हणालो. “लागणार. पुढच्या वर्षीही लागणार. हिवाळ्यापुरता झाकून ठेवतो. बुजवू नका.”

“खलास,” तो म्हणाला. “मग मजलिस नाही. चहा काठावर पिऊ.” कंत्राटदाराला तो काहीतरी म्हणाला, दोघं हसले, आणि गाडीत बसताना त्यानं हाक मारून सांगितलं, “डबे घट्ट बांध, दक्तूर!” संध्याकाळी त्याच्या घरून सासूबाईंसाठी मोठं ताट झाकून आलं, मटण आणि भात. त्या मटण खात नाहीत. त्यांनी ताटाला नमस्कार केला, मटणभात मला वाढला, आणि ताट रिकामं परत देऊ नये म्हणून त्यात शेंगांच्या चटणीची वाटी ठेवून दिली.

पुढच्या आठवड्यात आम्ही हौद झाकला. मी एकेक काम मोठ्यानं बोलत गेलो, तिच्यासारखं, आणि या वेळी काही चुकलं नाही. पाणी भोकांच्या खाली आणलं. पाइप रिकामे केले. पंपाला गुंडाळायला गोधडी उलगडली आणि सासूबाई ओरडल्याच.

“ही माझी गोधडी! मी शिवलेली. लग्नात दिली होती हिला. पंपाला घातली या पोरीनं?”

“दरवर्षी घालायची.”

“बघा म्हणजे.” थोडा वेळ पुटपुटत राहिल्या. मग गोधडीची कड त्यांनी स्वतः पंपाच्या खाली सारली, बाळाला गुंडाळतात तशी, आणि वरून थापटली. “असू दे. पंपालाही थंडी वाजत असेल.”

सुटे डबे पाण्यावर सोडले. वरून ताडपत्री ओढली, कडेनं वाळूच्या पिशव्या ठेवल्या. बांधलेली जोडी त्यांनी आत टाकू दिली नाही. ती आता स्वयंपाकघराच्या दारामागे खुंटीला आहे. भाजीची पिशवी काढताना रोज हाताला लागते.

त्या डिसेंबरच्या सुरुवातीला परत गेल्या, खरी थंडी पडायच्या आत. जाताना म्हणाल्या, “उघडायच्या वेळी कळवा.” मी व्हिजाची चौकशी आत्तापासून करून ठेवली आहे.

हे लिहितो आहे तेव्हा जानेवारी आहे. मी हौदाशेजारी खुर्ची टाकून दुपारच्या उन्हात बसतो आणि वाचतो. ताडपत्री मधे डब्यांमुळे फुगलेली असते, वारा आला की थोडी वरखाली होते. दर शुक्रवारी सासूबाईंचा व्हिडिओ फोन येतो. मी जेवलो का, झोप लागते का, हे त्या विचारत नाहीत. पहिल्या दिवसापासून त्यांचा प्रश्न एकच आहे.

“पाणी कसं आहे?”

पहिल्यांदा मी “बरं आहे” म्हणालो, तर त्या म्हणाल्या, “बघितलंत का?” तेव्हापासून मी फोन हातात घेऊन उठतो, कोपऱ्यातली पिशवी सरकवतो आणि ताडपत्रीची कड उचलून फोन आत धरतो. आत निळसर अंधार असतो आणि तळाच्या फरशांच्या रेघा दिसत असतात. पलीकडून त्या फोन डोळ्यांजवळ घेऊन बघतात.

“निवळ आहे,” मग म्हणतात. “झाका आता.”

मी झाकतो.